पीम

तीन अक्षरं. पे, योद, मेम.
अख्ख्या शास्त्रात हा शब्द एकदाच येतो,
लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखा:
वरपक्ष ओळखत नाही, वधूपक्ष ओळखत नाही,
आणि हा मात्र पंगतीत बसलेला.

माझे वडील शाबो, झाखो गावचे धारवाले.
विमानातून उतरले तेव्हा
त्यांच्या कुशीत मी नव्हते, सहाण होती.
आई हे अजून ऐकवते.

जेरुसलेमच्या बाजारात, लोणचीवाल्याच्या शेजारी,
पायाने चाक फिरवत बसायचे;
ठिणग्या बाहीवर येऊन विझायच्या.
शुक्रवारी दुपारी हात धुवायचे
(काळे ते काळेच),
आणि चार म्हाताऱ्यांसमोर ग्रंथ उघडायचे.
एक ओळ हिब्रूत वाचायची,
तीच लगेच आमच्या आरामीत सांगायची.

त्या पानावर आले की आवाज चढायचा.
देशात लोहार उरलेला नाही.
शत्रूने उरू दिला नाही:
न जाणो, तलवारी घडवतील.
तेव्हा फाळ घ्या, कुदळ घ्या, कुऱ्हाड घ्या,
बैलाच्या पराणीचं टोकसुद्धा घ्या,
आणि डोंगर उतरून जा
त्यांच्याच दारात, धार लावून आणायला.

मग तो शब्द.
"शूफीना," वडील सांगायचे. कानस.
त्यांच्या वडिलांनी तसंच सांगितलेलं, त्यांच्या वडिलांनीही.
"बघा, आमचं हत्यार देवाच्या पुस्तकात आहे.
न्हाव्याचं आहे का?"
"आहे," न्हावी मुराद म्हणायचा,
दर वर्षी, तितक्याच शांतपणे.

एकोणिसाव्या वर्षी मी उत्खननावर लागले,
सखल टेकड्यांत, रोजंदारीवर,
खापरं धुवायला.
एका सकाळी बादलीच्या तळाशी
अर्धं जायफळ हाताला लागलं:
खाली सपाट, वर गोल, दगडाचं.
ब्रश फिरवला. माती सुटली.
पे. योद. मेम.

हाल्पेर्नबाईंनी चष्मा वर केला.
"आणखी एक," म्हणाल्या. "वजन आहे. पाऊण शेकेलाहून थोडं कमी.
तेवढी चांदी, एका फाळाच्या धारेला."
त्यांना हे कधीचं ठाऊक होतं.
विद्वानांत ही बातमी जुनी झाली होती;
बाजारात पोचलीच नव्हती.

रात्री जेवताना सांगितलं.
वडिलांचा घास थांबला.
"म्हणजे कानस नाही?"
"नाही. भाव आहे."
"कशाचा?"
"धार लावण्याचा."
आई इतकी हसली की तिला ठसका लागला.
"तीन हजार वर्षं झाली,
आणि गिऱ्हाइकाची कुरकुर अजून चालूच!"

वडील हसले नाहीत.
उशिरा, अंथरुणावरून, अंधारात म्हणाले:
"लिहिणाऱ्याने लढाया लिहिल्या, राजे लिहिले.
मग हा आकडा कशाला लिहिला?
त्याच्या घरचं कुणीतरी गेलं असणार विळा घेऊन.
आलं असणार परत, वाटभर पैसे मोजत."
मग बराच वेळ काही नाही.
मला वाटलं, झोपले.
"लुटलं गं त्यांना," म्हणाले.

खरं वजन पेटीत बंद झालं, क्रमांक लागून.
मी ओढ्यातून एक खडा निवडला,
मसालेवाल्याच्या तागडीत जोखला.
एक जड, एक हलका, असे अकरा टाकून बारावा.

पुढच्या शुक्रवारी ते त्या पानावर आले.
चौघे वाट बघत होते.
"शूफीना," ते म्हणाले; जीभ कुठे ऐकते.
मग खिशातून खडा काढून
उघड्या ग्रंथाशेजारी ठेवला.
एकेकाने उचलून पाहिला, पुढच्याच्या हातात दिला.
वाचन तसंच पुढे गेलं.

आता तो खडा गल्ल्यात असतो.
कुणी फार घासाघीस करू लागलं
की वडील तो बाहेर काढून समोर ठेवतात,
बोलत काही नाहीत.
लोक गोंधळतात. बहुतेक जण पैसे पूर्ण देतात.
मुराद मात्र वस्तरा पुसतो,
खडा तळहातावर खालीवर करून बघतो,
आणि अर्धेच देऊन जातो.